लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतं कसं?

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. “तू वेदनेवर पीएचडी करतेस ना? मग सांग, लघवीचं कल्चर तीनदा निगेटिव्ह आलं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, तरी लघवी साठली की ओटीपोटात दुखतंच. सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नका. म्हणजे मी खोटं बोलते का?”

अजिबात नाही.

असं दुखणं आणि सारखं लघवीला पळणं सहा आठवड्यांहून जास्त चाललं, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. जुनं नाव इंटरस्टिशिअल सिस्टायटिस. १९१५ मध्ये अमेरिकन डॉक्टर गाय हनर यांनी काही रुग्णांच्या मूत्राशयात विशिष्ट जखमा असल्याचं नोंदवलं. पण बहुतेक रुग्णांमध्ये त्या नसतातच!

मग दुखतं कशाने? उन्हाने भाजलेल्या खांद्याला साधा सदराही झोंबतो ना, तसंच. एका मतानुसार मूत्राशयाच्या आतलं संरक्षक अस्तर विरळ होतं आणि लघवीतले क्षार आत झोंबतात. शिवाय वेदना लांबली की मज्जासंस्थाच हळवी होते. मग पिशवी जराशी भरली, तरी मेंदूला ‘दुखतंय’ असाच निरोप जातो.

तिसरी गोष्ट बऱ्याचदा तपासलीच जात नाही, ती म्हणजे स्नायू. महिनोन्महिने दुखणं सोसताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहतात आणि तेही दुखू लागतात. २०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हे स्नायू दुखरे असलेल्या ८१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला हे स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला सर्वांगाचा मसाज. पहिल्या गटात ५९ टक्के जणींना बराच आराम पडला, दुसऱ्यात २६ टक्के. प्रयोग लहान होता आणि पहिल्या गटातही सगळ्यांना गुण आला नाही, हे खरं. पण एक धडा पक्का: अशा वेळी आवळण्याचे व्यायाम, म्हणजे केगल, टाळायचे. त्याने दुखणं वाढू शकतं.

घरी काय करता येईल? चहा-कॉफी, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, तिखट हे काही दिवस बंद करून एकेक परत सुरू करायचं. ज्याने त्रास होतो तेवढंच सोडायचं, सगळं नाही. लघवीला जाण्यामधलं अंतर सोसेल तसं थोडं थोडं वाढवायचं. ओटीपोट शेकायचं. भीतीपोटी पाणी तोडायचं नाही, लघवी घट्ट झाली की आणखी झोंबते. यापुढे औषधं आणि मूत्राशयात थेट सोडायची द्रावणंही आहेत, पण ती यूरोलॉजिस्टच्या सल्ल्यानेच.

एक मात्र विसरू नका. मुतखडा, मूत्राशयाचा कर्करोग आणि आपल्याकडे विशेषतः टीबी, हे आधी तपासून नाकारावे लागतात. साध्या कल्चरमध्ये टीबी दिसत नाही. लघवीतून रक्त गेलं किंवा ताप आला, तर थांबू नका.

मावशीला मी एवढंच म्हटलं, “रिपोर्ट जंतूंचा होता, दुखण्याचा नव्हता. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्नायूही तपासायला सांग.”