तबकडीचा वेग आणि विजेचा खर्च

हार्ड डिस्कमधील माहिती काचेच्या किंवा धातूच्या तबकड्यांवरील चुंबकीय लेपात साठवलेली असते. तबकड्या एका आसाभोवती अखंड फिरत असतात आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्या पृष्ठभागाला न टेकता हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. आयबीएमच्या १९५६ च्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. पुढे तबकड्या आकाराने लहान झाल्या, वेग मात्र वाढत गेला आणि मेजावरील संगणकांत ७,२०० फेरे रूढ झाले.

या वेगाची किंमत द्यावी लागते. शीर्षाला तोलून धरणारी हवाच तबकडीला मागे खेचते आणि हा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ७,२०० वरून ५,४०० वर, म्हणजे पाऊणपट केला, तर या कामी निम्म्याहूनही कमी शक्ती पुरते. हवा कमी घुसळली गेल्याने आवाजही घटतो. छऱ्यांच्या बेअरिंगची घरघर त्याआधीच कमी होऊ लागली होती, कारण २००० नंतर आस तेलाच्या थरावर फिरवण्याची पद्धत रूढ होत गेली. मग उरते ती शीर्ष जागा बदलते तेव्हाची टकटक आणि कंपनांची गुणगुण. हीच डिस्क संगणकाच्या पेटीत स्क्रूने घट्ट आवळली की पत्रा डग्ग्यासारखा घुमू लागतो; मध्ये रबराचे साधे तुकडे घातले तरी पुष्कळ फरक पडतो.

मंद वेगाचे हे तत्त्व वेस्टर्न डिजिटल या कंपनीने २००७ मध्ये ‘ग्रीनपॉवर’ मालिकेत वापरले. चार वॅटची बचत झाली असे धरले, तर अहोरात्र चालणाऱ्या डिस्कमागे वर्षाला सुमारे ३५ युनिट वीज वाचते. एका घराच्या हिशेबात ही रक्कम मोठी नव्हे.

तथापि या मालिकेतील आणखी एक काटकसर अंगाशी येण्यासारखी होती. आठ सेकंद काम नसले की शीर्ष तबकडीवरून उचलून बाजूच्या उतरणीवर विसावे. डिस्क अशा तीन लाख फेऱ्यांसाठी बनवलेली असे. परंतु काही संगणकप्रणाली थोड्या थोड्या वेळाने काहीतरी लिहीत राहतात. दर ३० सेकंदांनी शीर्ष एकदा विसावून परत आले, तर दिवसाला २,८८० फेऱ्या होतात आणि तीन लाखांचा आकडा १०५ दिवसांतच ओलांडला जातो! डिस्क त्याच दिवशी बंद पडते असे नव्हे. परंतु विजेच्या अल्प बचतीसाठी यंत्राचे आयुष्य पणाला लागते. विसाव्याची मुदत लांबवणे हा त्यावरचा उपाय होय.

बाहेरून जोडावयाच्या डिस्कच्या बाबतीत व्यासही महत्त्वाचा ठरतो. अडीच इंची डिस्कची तबकडी लहान व हलकी असल्याने ती यूएसबीच्या तारेतून मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या विजेवर चालू शकते. साडेतीन इंचीला बारा व्होल्टही लागत असल्याने तिच्यासोबत सहसा वेगळा अडॅप्टर येतो. मोठ्या साठ्यासाठी एचजीएसटी कंपनीने २०१३ मध्ये हवेऐवजी हेलियम भरलेली बंदिस्त डिस्क आणली. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक-सप्तमांश असल्याने सात तबकड्या फिरवूनही विजेचा खर्च आटोक्यात राहिला आणि त्यासाठी वेग कमी करण्याची गरज उरली नाही.