इंग्रजीची तोंडी परीक्षा, आणि क्लासची फी

ताईंनो, अलीकडे गटाच्या बैठकीत शेळ्या आणि शिलाई मशीनच्या जोडीला कर्जाचं एक नवीन कारण ऐकू येतं, "पोरीच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासची फी." मागणी रास्तच आहे. पण पैसे द्यायच्या आधी परीक्षेत काय असतं ते आपल्याला माहीत हवं ना?

सगळ्यात आधी पोरीला विचारा, सर्टिफिकेट कुठे दाखवायचंय? परदेशात नर्सिंगला जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी आयईएलटीएस किंवा ओईटी मागतात. ती वेगळी. इथे मी केंब्रिजच्या 'बी-वन प्रिलिमिनरी'बद्दल सांगते. इंग्रजीच्या ए-वन ते सी-टू अशा ६ पायऱ्या धरतात, त्यातली बी-वन तिसरी. म्हणजे घर, काम, प्रवास याबद्दल आपलं आपण बोलता येणं.

तोंडी परीक्षा साधारण १२ मिनिटांची, आणि ती बहुतेक वेळा दोघींची मिळून होते. समोर दोन परीक्षक. एक बोलतो, दुसरा गुपचूप ऐकून मार्क देतो. आधी नाव, गाव, आवडीनिवडी विचारतात. मग प्रत्येकीला एक फोटो देतात, त्यावर मिनिटभर बोलायचं. तिसऱ्या भागात चित्रं दाखवून एखादा प्रसंग सांगतात, समजा मैत्रीण गाव सोडून चाललीय, तिला काय भेट द्यावी? ते दोघींनी आपसात बोलून ठरवायचं. शेवटी त्याच विषयावर थोड्या गप्पा.

इथेच पाठांतरवाल्या पोरी अडकतात. पाठ केलेलं भाषण फोटोला लागू पडत नाही. आणि एकटीच बोलत सुटली तर नुकसान, कारण दुसरीचं ऐकणं, तिला "व्हॉट डू यू थिंक?" विचारणं, यालाही मार्क असतात. गटात दहाजणींचं ऐकून निर्णय घेणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको! उच्चार साहेबासारखे नको, समोरच्याला कळले की झालं. प्रश्न समजला नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" म्हणायला काही हरकत नाही.

शब्द अडला तर थांबायचं नाही, वळसा घालायचा. पाट्याला इंग्रजीत काय म्हणतात कोणाला माहीत! "अ फ्लॅट स्टोन, वी मेक चटणी ऑन इट" म्हटलं की काम झालं.

तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी सराव घेता येतो. मोबाइलमधला लग्नाचा, बाजाराचा कुठलाही फोटो पोरीपुढे धरा आणि घड्याळ लावा. मिनिट होईपर्यंत ती बोलते का, एवढंच बघा. शेजारची एखादी मुलगी बोलवा, जत्रेत स्टॉल कशाचा लावायचा ते दोघींना इंग्रजीत ठरवू दे. एकीच बोलत असेल तर ते तुम्हालाही कळेल. रोज १५ मिनिटं पुरेत, पण रोज. नमुना परीक्षा आणि व्हिडिओ केंब्रिजच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

तरी क्लास हवाच असेल तर फी भरायच्या आधी एक दिवस जाऊन मागे बसा. मुली बोलतायत की फक्त सर बोलतायत, ते बघून मगच कर्जाचा अर्ज गटापुढे ठेवा. आणि परीक्षेची फी वेगळी असते, तीही रकमेत धरा.