यंत्राची दृष्टी आणि मल्लखांबाची अढी

यंत्राला माणसाचे शरीर 'दिसते' म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहू. मोबाईलचा साधा कॅमेरा सेकंदाला सुमारे ३० चित्रे टिपतो. संगणकाला अगोदर हजारो छायाचित्रे दाखविलेली असतात. खांदा कोठे, कोपर कोठे, गुडघा कोठे, याच्या खुणा त्यांवर माणसांनी केलेल्या असतात. त्या अभ्यासावरून नव्या चित्रात खांदा बहुधा कोठे असेल, याचा तो अंदाज बांधतो. बिंदू मिळाले की तीन बिंदूंवरून कोन काढणे हे आपल्या शाळेतल्या भूमितीचेच काम. धावपटूचा गुडघा किती उचलला जातो, भाला कोणत्या कोनातून सुटतो, हे आता मैदानावरच मोजता येते.

रामघाटावर पहाटे सूर्यनमस्कार घालणाऱ्या एका स्नेह्यांचे चित्रण मी अशा प्रणालीला दाखविले. उभ्या स्थितीत सांधे अचूक सापडले. मधून एक स्नानार्थी गेला, तेव्हा त्याचा हात स्नेह्यांच्या खांद्याला जोडला गेला; क्षिप्रेतील प्रतिबिंबालाही यंत्राने स्वतंत्र व्यायामपटू मानले! घाटावर ही गंमत ठरते, मल्लखांबावर ठरत नाही.

पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपास आणलेली ही विद्या उज्जैनने आपली मानली. १९८१ साली येथे अखिल भारतीय स्पर्धा भरली. २०१३ साली मध्यप्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. येथील प्रशिक्षक योगेश मालवीय २०२० च्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले.

खांबावर देह पुष्कळदा उलटा असतो, आणि यंत्राने पाहिलेली बहुतेक माणसे उभी वा बसलेली. अढी घातली की पायाचा काही भाग खांबाआड जातो. शिवाय एका प्रचलित आराखड्यात शरीराचे १७ बिंदू धरतात. त्यांत दोन डोळे आणि दोन कान आहेत, कण्याला मात्र एकही बिंदू नाही. मग पाठीची कमान यंत्राने ओळखावी कशी? सर्वांत मोठी उणीव पकडीची. दाब चित्रात उमटत नाही. एरंडेल चोळलेल्या खांबावर मांडीची पकड सैल होत असल्याचे वस्तादाला स्नायूंच्या थरथरीवरून, श्वासावरून कळते आणि तो हात पुढे करतो. कोन तोपर्यंत बिनचूकच असतो.

जिम्नॅस्टिक्समध्ये २०१९ च्या स्टुटगार्ट येथील जागतिक स्पर्धेत फुजित्सू कंपनीची पंच-साहाय्य यंत्रणा वापरात आली. २०२३ साली अँटवर्पला ती दहाही साधनप्रकारांवर होती. तेथे प्रत्येक कसरतीची व्याख्या यंत्राला आधीच दिलेली असते. दसरंग, फरारा, सुईदोरा ही नावे त्या कोशातली नव्हेत. आपण आपला कोश केला नाही, तर उद्या कोणी तयार प्रणाली आणील आणि आपल्या मुलांची उडी परक्या मापाने मोजली जाईल. मला भय आहे ते याचे. यंत्र वस्तादाची जागा घेईल, याचे नव्हे.

उतरणीच्या उडीत गुडघे किती वाकले, दोन्ही पाय एकदम टेकले का, एवढे पाहण्यास आजचे यंत्रही उपयोगी आहे; गुडघ्याच्या दुखापती टाळण्यासाठी ते आजपासून वापरावे. उरलेल्या कामासाठी खांबाच्या दोन बाजूंना काटकोनात दोन कॅमेरे हवेत. अढी कोणत्या क्षणी बसली व कोणत्या क्षणी सुटू लागली, याची खूण चित्रणावर वस्तादानेच करावी. हे काम महागडे नाही, कंटाळवाणे आहे. मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी आणि चित्रणे व्यायामशाळेच्याच ताब्यात ठेवावीत.