झाकण नसलेला संगणक

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमध्ये एक नवा संगणक विक्रीस आला. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता, पेटी नव्हती. इतकेच काय, साधे झाकणही नव्हते. बँकेच्या कार्डाएवढी एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर डाखलेले काही सुटे भाग, एवढेच त्याचे रूप. किंमत ३५ डॉलर. पहिला साठा दहा हजारांचा होता. परंतु मागणीची अशी झुंबड उडाली की विक्रेत्यांची संकेतस्थळे काही काळ बंद पडली. ‘रास्पबेरी पाय’ हे त्या संगणकाचे नाव. २०२४ च्या जून महिन्यात त्याच्या उत्पादक कंपनीची लंडनच्या शेअर बाजारात नोंदणी झाली, तोपर्यंत सहा कोटींहून अधिक नग विकले गेले होते.

या यंत्राच्या जन्मामागे मूळ प्रेरणा व्यापाराची नव्हती. ती काळजीची होती. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत आहे आणि जे येतात त्यांची पूर्वतयारीही पूर्वीसारखी राहिलेली नाही, असे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. आधीच्या पिढीतील मुले घरच्या संगणकावर स्वतः आज्ञावली लिहून मग विद्यापीठात येत असत. नंतरच्या मुलांच्या घरी संगणक अधिक शक्तिमान होते, परंतु ते बंद पेटीसारखे होते. त्यांवर खेळ खेळता येत, पत्रे टंकता येत. त्यांच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याची सोयही नव्हती आणि धीरही नव्हता, कारण घरातील महागडी वस्तू मुलाने बिघडविली तर ती दुरुस्त कोण करणार? बिघडली तरी फारसे नुकसान होणार नाही असा संगणक मुलांच्या हाती द्यावा, या विचारातून २००९ मध्ये एक धर्मादाय संस्था स्थापन झाली व तीन वर्षांनी हे यंत्र बाहेर पडले.

एका जुन्या यंत्राचा वारसा

या कल्पनेला पूर्वपीठिका आहे. १९८१ मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे बीबीसीने, जनतेला संगणक साक्षर करण्यासाठी एक मोहीम आखली आणि केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून त्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक तयार करवून घेतला. तो सुरू करताच पडद्यावर चित्रे येत नसत, आज्ञेची वाट पाहणारी एक रेघ येत असे. बेसिक भाषेत काहीतरी लिहिल्यावाचून त्याच्याकडून काम होत नसे. त्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये ‘आर्म’ ही प्रक्रिया-चिप सिद्ध केली. त्या घराण्यातील चिप आज जवळजवळ प्रत्येक भ्रमणध्वनीत आहे, आणि रास्पबेरी पायचे हृदयही तीच आहे. आजोबांचे रक्त नातवात उतरावे तसा हा प्रकार. पायच्या पहिल्या दोन प्रतींना ‘मॉडेल ए’ व ‘मॉडेल बी’ अशी नावे ठेवण्यात आली, तीही बीबीसी मायक्रोच्या स्मरणार्थच.

हा बीबीसी मायक्रो भारतातील शाळांनाही अपरिचित नव्हता. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा निवडक शाळांना हीच यंत्रे पुरविण्यात आली होती. उद्देश दूरदृष्टीचा होता. तथापि यंत्रे आली त्या वेगाने प्रशिक्षित शिक्षक, दुरुस्तीची व्यवस्था आणि भारतीय भाषांतील पाठ आले नाहीत. यंत्र स्वस्त असो वा महाग, ते ज्याच्या स्वाधीन करावयाचे त्याला ते उघडता, समजून घेता व बदलता येते काय, हाच आजही खरा प्रश्न आहे. लहान संगणकांच्या नव्या पिढीचे महत्त्व तिच्या किमतीपेक्षा याच मुद्द्यात अधिक आहे.

मोफत आणि मुक्त

संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेला सॉफ्टवेअर म्हणतात. बहुतेक कंपन्या ते विकताना मूळ लिखाण, म्हणजेच स्रोत, स्वतःजवळ ठेवतात. विहिरीवरची मोटार विकताना तिचे सर्व बोल्ट झाळून बंद करावेत आणि पंखा अडकला तरी कारखान्याचाच माणूस यावा अशी अट घालावी, त्यातला हा प्रकार. याच्या उलट, ज्या सॉफ्टवेअरचा स्रोत कोणालाही वाचता, तपासता, बदलता व पुढे वाटता येतो त्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत या चळवळीची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ‘लिनक्स’चा गाभा सर्वांसाठी खुला केला. रास्पबेरी पाय चालतो तो याच लिनक्सवर. इंग्रजीत ‘फुकट’ व ‘स्वतंत्र’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तेथे यावरून बराच घोळ होतो. मराठीत मोफत व मुक्त हे शब्द वेगळे आहेत, हे सोयीचे झाले. मोफत मिळालेली वस्तू मुक्त असेलच असे नाही, आणि मुक्त वस्तूच्या देखभालीला पैसा लागत नाही असेही नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रास्पबेरी पायवरील आज्ञावली बहुतांशी मुक्त असली तरी त्याची चिप व पट्टीची रचना पूर्णपणे खुली नाही. त्या बाबतीत इटलीतील इव्रेया गावी २००५ मध्ये जन्मलेली ‘आर्डुइनो’ ही पट्टी अधिक उदार म्हणावी लागेल. तिचा आराखडाच प्रसिद्ध केलेला असल्यामुळे कोणताही कारखाना ती बनवू शकतो, आणि भारतीय बाजारात तिच्या स्वस्त प्रती सहज मिळतात. आर्डुइनो हा पूर्ण संगणक नव्हे. जमिनीतील ओलावा मोजणे, टाकी भरताच पंप बंद करणे, अशी ठरावीक कामे तो निमूटपणे वर्षानुवर्षे करतो. रास्पबेरी पायच्या कडेला असलेल्या पिनांनाही असे मोजमापाचे भाग जोडता येतात. पूर्वी त्या २६ होत्या, २०१४ पासून ४० झाल्या.

उपकरण कोणाचे?

‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उपकरणांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. दिवा, कुलूप, कॅमेरा किंवा पाण्याचे मीटर घरात असते, पण त्याची आज्ञा अनेकदा दूरच्या देशातील कंपनीच्या संगणकावरून येते. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेत घरातील दिवे व अन्य साधने एकत्र चालविणारे, सुमारे तीनशे डॉलरला घेतलेले एक उपकरण एका रात्रीत निरुपयोगी झाले. उपकरणात काहीही बिघाड नव्हता. कंपनीची मालकी बदलली होती आणि नव्या मालकाने आपल्याकडील सेवा बंद केली होती. ग्राहकाने पैसे मोजले होते, वस्तू त्याच्या भिंतीवर होती, आणि तरीही ती त्याची नव्हती. यावर उपाय म्हणून २०१३ पासून विकसित होत असलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त आज्ञावली पुढे आली आहे. ती घरातीलच रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर चालते, आणि इंटरनेट बंद पडले तरी घरच्या घरी जोडलेल्या साधनांचे काम चालू राहते. ग्रामपंचायतीने पथदिव्यांसाठी वा पाणीपुरवठ्यासाठी अशी साधने घेताना किमतीबरोबरच एक गोष्ट विचारून ठेवावी: पुरवठादाराने उद्या दुकान बंद केले तर ही यंत्रणा चालेल काय, आणि तिच्यातील नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील?

जेथे इंटरनेटची खात्री नाही अशा शाळांना या लहान यंत्राचा एक उपयोग विशेष आहे. ‘किविक्स’ या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने संपूर्ण विकिपीडिया एका स्मृतिपत्रिकेत, म्हणजे मेमरी कार्डात, साठविता येतो. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यात आला. रास्पबेरी पाय आपल्याभोवती वायफायचे एक लहान क्षेत्र निर्माण करतो. वर्गातील कोणताही भ्रमणध्वनी त्याला जोडला की बाहेरच्या जाळ्याशी संबंध न येता पाने उघडू लागतात. पहिल्या मॉडेल बीला लागणारी वीज चार वॅटपेक्षाही कमी होती. नवी मॉडेल्स अधिक वीज घेतात, तरी लहान सौर पट्टी व बॅटरी यांवर ती चालविता येतात.

ऱ्याचा प्रश्न

मुक्त स्रोताचा लाभ मराठीला कसा झाला याचे उदाहरण कार्यालयांत रोज दिसते. जुन्या टंकांत लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांची चिन्हे होत असत, हा अनुभव जुन्या कर्मचाऱ्यांना सांगावयास नको. युनिकोडमुळे तो त्रास संपला, पण अक्षरांचे मराठी वळण आपोआप आले नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग; हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची घडणही वेगळी आहे, आणि राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने त्यांची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत. टंक बंदिस्त असेल तर अशा दुरुस्तीसाठी कंपनीला विनंती करून वाट पाहावी लागते. पुण्यातील तंत्रज्ञांनी ज्याची दीर्घकाळ देखभाल केली तो ‘लोहित’ हा टंक मुक्त होता, म्हणून मराठीला हवे ते वळण त्यात घालता आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंकही तसाच सर्वांना खुला आहे. त्याचे नावच त्याचा परवाना सांगते.

शिकविण्याच्या बाजूने आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प शिक्षकांनी अवश्य पाहावा. लिनक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त आज्ञावलींचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यात असून त्यांपैकी पुष्कळ मराठीतून ऐकता येतात. धोरणाचा आधारही आहे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले; त्यानुसार निविदेत अशा सॉफ्टवेअरचा विचार व्हावा आणि ते वगळावयाचे असल्यास कारण नोंदवावे अशी अपेक्षा आहे.

या वाटेने केरळ राज्य पुष्कळ पुढे गेले. तेथे २००१ मध्ये शाळांसाठी सुरू झालेला माहिती-तंत्रज्ञान प्रकल्प त्याच दशकात मुक्त आज्ञावलीकडे वळला. तेथील शासकीय संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते. २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे सुरू झाली. त्यांतील मुले शाळेच्या उपकरणांची निगा राखण्यासही मदत करतात, आणि नंतर त्यांना आर्डुइनोचे संचही देण्यात आले. केरळने आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

खरेदीपूर्वी काही अडचणी माहीत असाव्यात. २०२१ ते २०२३ या काळात चिपांच्या जागतिक टंचाईमुळे रास्पबेरी पाय दुर्मिळ झाला होता व मिळाल्यास चढ्या भावाने मिळे. सर्व कार्यप्रणाली स्मृतिपत्रिकेत असल्यामुळे वीज अचानक गेल्यास ती पत्रिका बिघडू शकते. म्हणून तिची एक तयार प्रत शिक्षकाच्या खणात असावी, म्हणजे दहा मिनिटांत यंत्र पुन्हा सुरू होते. आणखी एक बाब पर्जन्यमापनासारख्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची. २०२३ च्या ‘पाय ५’ पूर्वीच्या मॉडेल्सना स्वतःचे घड्याळ नव्हते. इंटरनेट नसताना वीज जाऊन परत आली की त्यांना चुकीची वेळ धरूनच पुढे चालावे लागे. ‘पाय ५’ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची लहान बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते. जुन्या मॉडेलला घड्याळाचा स्वतंत्र भाग अल्प खर्चात जोडता येतो. त्याच्या चार तारा कोणत्या पिनांना लावावयाच्या हे इयत्ता नववीतील मुलगीही आराखडा पाहून समजू शकते.