घराचीही एक वही असावी

दुकानाच्या खात्यात दहा रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत वही मिटत नाही. व्यापारी घराण्यांत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र त्याच घराण्यांत घरचे वीजबिल पुष्कळदा दुकानातील मोबाईलवरून परस्पर भरले जाते. घर जिच्या हाती आहे, त्या गृहिणीला आकडा दिसतच नाही. ‘खर्च आवरा’ एवढेच तिच्या कानी पडते. मापच ठाऊक नसेल, तर तिने तोल साधावा कसा?

म्हणून काटकसरीचा आरंभ बिल वाचण्यापासून व्हावा. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिली 100 युनिटे सर्वांत स्वस्त, 101 ते 300 त्याहून महाग, त्यापुढची आणखी महाग. साहजिकच बचत होते ती वरच्या, महागड्या युनिटांची.

हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्ची पडते. 75 वॅटचा जुना पंखा रोज 12 तास फिरला, तर 30 दिवसांत 27 युनिटे होतात. 30 वॅटचा बीएलडीसी पंखा सुमारे 11 युनिटांत तेवढेच काम करतो. असे चार पंखे बदलल्यास महिन्याला सुमारे 65 युनिटे वाचतात आणि 350 युनिटांचे घर 300 च्या आत येते. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो; आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या, तर निवलेले पाणी पुन्हा तापवावे लागत नाही.

पिण्याचे पाणी रोज उकळण्याची रीत असलेल्या घरांत भांड्यावर झाकण ठेवावे आणि उकळी फुटताच आच मंद करावी. उकळत्या पाण्याखालची मोठी आच केवळ वाफ वाढवते. डाळी आधी भिजवल्या, तर कुकरही लवकर उतरतो.

परंतु वृद्धांच्या खोलीतला पंखा बंद करणे किंवा सुनेला गार पाण्यात भांडी घासायला लावणे ही काटकसर नव्हे. अपरिग्रह स्वतःच्या हव्यासाला आवर घालतो, दुसऱ्याच्या गरजेला नव्हे.

घरातही एक छोटी वही ठेवावी. दर बदलत राहतात, म्हणून तिच्यात रुपयांबरोबर युनिटेही लिहावीत आणि महिन्यातून एकदा ती सर्वांसमोर वाचावी. हिशेब सर्वांना कळला की दिवा मालवण्याची आठवण कोणालाच करून द्यावी लागत नाही.