कावळा बसला आणि वाय-फाय गेलं!

बालमित्रांनो, रत्नागिरी शहरातून पावसकडे निघालं की भाट्याच्या खाडीवरचा लांब पूल लागतो. पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्र आणि सुरूचं बन. पुढे नारळ संशोधन केंद्राची हिरवीगार बाग. हेच आमचं भाट्ये. समुद्र इतका जवळ की खारा वारा सगळीकडे शिरतो. खिडकीचे गज गंजतात, बाकांना चिकट थर बसतो. आमच्या वर्गातला जुना लॅपटॉपसुद्धा त्यातून सुटत नाही.

हा लॅपटॉप शाळेला भेट म्हणून मिळालेला. वय सुमारे दहा वर्षं. त्यात आम्ही लिनक्स घातलंय. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. मग जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. केरळातल्या सरकारी शाळांमध्येही मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात.

आता ऐका गंमत. खरं तर सुरुवातीला ती गंमत नव्हतीच.

त्या शनिवारी आमची चौथी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेशी व्हिडिओवर बोलणार होती. तिथल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा होडीवर जातात. तो जाळ्यांची माहिती सांगणार होता. त्याचं खरं नाव लिहीत नाही, आपण त्याला बाबू म्हणू या. आठ दिवस त्याची तयारी चालली होती.

बुधवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर वाय-फाय गायब! पडद्यावर सूचना : ‘वाय-फाय अ‍ॅडॉप्टर सापडला नाही.’

लगेच मागून आवाज आला, “बाई, बाबूनं सकाळी लॅपटॉप पुसलान! त्यानंच बिघडवलान!”

“मी नाय काय केलं, बाई. सुक्या फडक्यानं फक्त पुसला,” बाबू म्हणाला.

रत्नागिरीतल्या एका दुकानात फोन केला. तिकडून न बघताच उत्तर आलं, “पाणी लागलं असेल. कार्ड गेलं. दुसरा लॅपटॉप बघा.” आणि मुलांनो, मला सांगायला लाज वाटते, मीही बाबूला म्हटलं, “विचारल्याशिवाय हात का लावलास?”

बाबू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. “शनिवारी मी नाय बोलणार,” एवढंच म्हणाला.

कॉल माझ्या छोट्या फोनवरूनही झाला असता, तो काही मोठा प्रश्न नव्हता. प्रश्न बाबूचा होता. म्हणून गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर मी फळ्यावर लिहिलं : ‘आधी तपास, मग आरोप.’ आणि आम्ही सगळे डिटेक्टिव्ह झालो.

पहिला प्रश्न : बिघाड नक्की कुठे? ऑफिसातल्या राउटरचं वाय-फाय माझ्या फोनवर छान चालत होतं. म्हणजे राउटर निर्दोष. गडबड लॅपटॉपमध्येच.

इथे थोडं थांबू. वाय-फाय म्हणजे काय? तर रेडिओ! लॅपटॉपच्या पोटात एक छोटं कार्ड असतं. त्यातून निघालेल्या दोन बारीक तारा बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेपर्यंत जातात. त्या तारांच्या टोकाशी असते अँटेना. वाय-फायच्या नेहमीच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा आंदोलतात. एका लहरीची लांबी भरते साडेबारा सेंटिमीटर, तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडी कमी. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी याहूनही आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. वाय-फायच्या लहरी त्यांच्याच भाऊबंद!

दुसरा प्रश्न : बटण तर बंद नाही? काही लॅपटॉपना कडेला सरकणारं बटण असतं, काहींना विमानाचं चित्र असलेली कळ. पुसताना ती दाबली जाऊ शकते. लिनक्समध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ अशी आज्ञा टाइप केली की कुठला रेडिओ बंद आहे ते कळतं. ‘सॉफ्ट ब्लॉक’ म्हणजे आज्ञेने बंद, ‘हार्ड ब्लॉक’ म्हणजे बटणाने बंद. आम्ही पाहिलं, तर यादीत वाय-फायचं नावच नाही! म्हणजे मामला बटणाचा नव्हता.

तिसरा प्रश्न : कार्ड जिवंत आहे का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या भागांची हजेरी. आम्ही हजेरी घेतली. यादीत वाय-फाय कार्डाचं नाव होतं! कार्ड जागेवर होतं, हाक मारली की ओ देत होतं. वर्गात कुजबुज सुरू झाली. दुकानदारांचा अंदाज डळमळला. बाबू शेवटच्या बाकावरून मधल्या बाकावर आला.

चौथा प्रश्न : मग त्याला कामाला लावणारा कोण? प्रत्येक भागाला एक ‘ड्रायव्हर’ लागतो. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा चालक नव्हे हं! हा दुभाषी. लिनक्सचा गाभा एक भाषा बोलतो, कार्ड दुसरी. मधला दुभाषी नसला तर दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसतात. त्याच आज्ञेपुढे ‘-के’ जोडलं की कोणाचा दुभाषी कोण ते दिसतं. आवाजाच्या भागाचा होता, पडद्याचा होता. वाय-फायचा? नव्हता!

“तो गेला खंय?” एकाने विचारलं.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : वाय-फाय चालत होतं तेव्हापासून काय काय बदललं? आम्ही फळ्यावर वेळापत्रक मांडलं. मंगळवार सकाळ, वाय-फाय चालू. मंगळवार संध्याकाळ, बाईंनी लिनक्स अपडेट केलं आणि लॅपटॉप बंद केला. बुधवार सकाळ, बाबूने पुसला. मग लॅपटॉप सुरू केला, वाय-फाय नाही.

मी खडू हातात धरून उभीच राहिले. अपडेटमध्ये लिनक्सचा नवा गाभा आला होता. नवा गाभा कामाला लागतो तो लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर. म्हणजे नेमका बुधवारी! असं समजा, शाळेत बदलीवर नवे मुख्याध्यापक आले, पण दुभाष्याचं नाव जुन्यांच्याच हजेरीपटावर राहिलं. नव्यांना तो माहीतच नाही.

पण हा झाला अंदाज. अंदाज तर दुकानदारांचाही होता! पुरावा हवा.

लिनक्स जुना गाभा लगेच टाकून देत नाही. लॅपटॉप सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरली (काही यंत्रांवर एस्केपची) की एक यादी येते. तिथून जुना गाभा निवडता येतो. लॅपटॉप तोच, कार्ड तेच, पुसलेलंही तसंच. फक्त गाभा जुना. आता वाय-फाय आलं तर बाबू निर्दोष!

कळ बाबूलाच दाबायला सांगितली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडदा उजळला... आणि कोपऱ्यात वाय-फायची छोटी छत्री उमटली! पोरांनी असा गलका केला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या.

मग त्याच वाय-फायवरून मी नव्या गाभ्यासाठी ड्रायव्हर पुन्हा बसवला. लॅपटॉप नव्या गाभ्यावर सुरू केला. छत्री तिथेही आली. खर्च शून्य रुपये.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. आम्ही मात्र कावळ्यालाच धरून बसलो होतो. आणि फांदी मोडणारी होते मी! सगळ्या वर्गासमोर म्हटलं, “बाबू, चूक माझी होती. मी न तपासता तुला बोलले.” तो लाजला आणि म्हणाला, “असू दे, बाई.” मुलांनो, मोठी माणसंही चुकतात. आणि पालकांनो, चुकलो तर मुलांपुढे कबूल करायला आपण का कचरावं?

शनिवारी बाबू बोलला. जाळं उलगडून दाखवलं. पलीकडून एका मुलीने विचारलं, “एवढं पाणी आहे, तर तुमच्याकडे टँकर येत नसेल ना?” बाबू म्हणाला, “उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात पण येतात की! हे पाणी खारं असतं.” दोन्ही वर्ग क्षणभर गप्प झाले. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धडा तो होता, आणि तो माझ्या वहीत नव्हता.

तुमच्या घरी असं झालं तर क्रम लक्षात ठेवा : राउटर, बटण, हजेरी, दुभाषी, आणि शेवटी ‘काल काय बदललं?’ मात्र दोन पथ्यं पाळा. मोठ्यांना विचारल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही आणि अर्थ ठाऊक नसलेली आज्ञा द्यायची नाही.

आणि हो, अजून एक. घरात काही मोडलं की ‘कोणी केलं?’ असं विचारायच्या आधी ‘कसं झालं?’ असं विचारून बघा. विचाराल ना?