काळं पाणी, सिंगापूर

सिंगापूरला चाललोय म्हटल्यावर आमच्या शहापूर तालुक्यातल्या शेणव्यातल्या शेजारच्या आजींनी विचारलं, "म्हणजे काळ्या पाण्यावर का रे?" घरातले सगळे हसले. आजी चुकल्या नव्हत्या, हे मला तिकडून परत आल्यावर, पुस्तकं चाळताना कळलं.

सहल दीड दिवसाची. मर्लायनपुढे फोटो काढायला चाळीस मिनिटं आणि सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलला खिडकीतून एक नजर. आमचा वाटाड्या म्हणाला, "जुनं चर्च आहे," की बस पुढे. संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला तेव्हा मी एकटाच सिटी हॉल स्टेशनवर उतरलो आणि चर्चच्या आत जाऊन एका खांबाला तळहात टेकवला. गार लागला.

हे चर्च हिंदुस्थानी कैद्यांनी बांधलं. पायाचा दगड १८५६ मध्ये बसला, १८६२ मध्ये ते विधिवत अर्पण झालं. आराखडा रोनाल्ड मॅकफर्सनचा, आणि कैद्यांचा अधीक्षकही तोच. आतल्या गिलाव्याची कृती मॅकनेअर या पुढच्या अधिकाऱ्याने १८९९ च्या पुस्तकात दिली आहे: शिंपल्यांचा चुना, त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि भरड साखर घोटून घातलेली, भिजवायला नारळाची सोडणं मुरवलेलं पाणी. गिलावा थोडा आवळला की स्फटिकाने किंवा गोल दगडाने घासघासून त्याला झिलई आणायची. नाव 'मद्रास चुनम'. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ असायचा, हे ऐकत वाढलेल्या माणसाला ही कृती परकी वाटत नाही.

सुमात्रातल्या बेंकुलेनहून हिंदुस्थानी कैद्यांची पहिली तुकडी सिंगापुरात उतरली ती एप्रिल १८२५ मध्ये. मग बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातूनही माणसं येत राहिली. त्यांनी रस्ते केले, दलदल भरली, विटा भाजल्या. नव्याच्या पायात बेड्या. वर्षं सरळ गेली की त्याच कैद्याला पट्टा देऊन इतरांवर मुकादम नेमत. पहारेकऱ्यांचा पगार वाचवायची ही युक्ती मला भलतीच कंपनी सरकारी वाटते. त्यांचा तुरुंग ब्रास बसाह भागात होता. आज तिथून माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन जातात.

आता आपली बाजू. मुंबई इलाख्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना जहाज मिळेपर्यंत ठेवायची जागा म्हणजे ठाण्याच्या किल्ल्यातला तुरुंग. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या, घाटापलीकडच्या देवगावच्या रघोजी भांगऱ्याला १८४८ मध्ये फाशी दिलं ते इथेच, आणि १९११ मध्ये अंदमानला नेण्याआधी सावरकरांनाही इथेच ठेवलं होतं. आसनगावहून लोकल पकडणारे आपण रोज या तुरुंगापासून हाकेच्या अंतरावरून जातो.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमानच आठवतं. पण तिथली वसाहत १८५८ ची. त्याआधीची काळी पाणी म्हणजे पेनांग, मलाक्का, सिंगापूर, ब्रह्मदेशाचा किनारा, मॉरिशस. सिंगापुरातला कैदखाना १८७३ मध्ये बंद झाला. काही जणांना अंदमानला हलवलं, सुटलेल्यांपैकी बरेच सिंगापुरातच राहिले.

शहापूर-मुरबाडकडच्या कुणाच्या घरात 'पणजोबांचे आजोबा काळ्या पाण्यावर गेले, परत आले नाहीत' अशी गोष्ट असेल, तर ती सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला यंदाच्या दिवाळीत एवढं विचाराच: कोणत्या सालची गोष्ट? आणि जे सांगतील ते लिहून ठेवा.